इलॅस्टिकची पँट

मंगळवार, ४ मार्च

लिहून टाकतो म्हणजे मोकळा होईन. आज दवाखान्यात सायकल चालवताना मला लघवी झाली. पँटमध्येच. थोडीशीच, पण ज्याची त्याला ठाऊक. वर पँट राखाडी. राखाडी कापडावर ओल लगेच उठते, हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो आणि स्वतः जाताना नेमकी तीच घालून गेलो.

दुकान, म्हणजे आमची पुढची खोली, गेल्या वर्षापासून जवळजवळ बंदच आहे. कुणी ओळखीचा आला तर कंबर सैल करून देणं, चेन बदलून देणं, एवढंच. माझं हृदय थकलंय. बंद पडलेलं नाही, पण पंपाचा जोर गेलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. जिना चढलो की धाप लागते आणि अंगात पाणी साठतं. ते निघून जावं म्हणून रोज सकाळी एक छोटी पांढरी गोळी असते. ती घेतली की दुपारपर्यंत माणूस बाथरूमचाच.

मोठ्या दवाखान्यात आमच्यासारख्यांची एक तुकडी केली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी जायचं, जागच्या जागी उभ्या असलेल्या सायकलवर बसायचं आणि पायडल मारायचं. एक मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारी रक्त द्यायचं, सायकल सुरू करण्याआधी एकदा आणि पुरती चालवून झाल्यावर लगेच पुन्हा. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हृदय ताणलं गेलं की ते स्वतःच रक्तात एक हार्मोन सोडतं. ते मूत्रपिंडांना सांगतं, मीठ बाहेर टाका, पाणी बाहेर टाका, माझा भार हलका करा. मेहनत केली की ते आणखी सुटतं. आमच्यासारख्यांच्या रक्तात ते बसल्या जागीही जास्तच असतं, मग सायकलने किती वाढतं, आणि सवय झाल्यावर काय होतं, ते त्यांना बघायचंय. मी म्हटलं, म्हणजे हृदय हाका मारतं म्हणा की. त्या हसल्या.

"हो काका. आणि हाक किती मोठी आहे, ते आम्ही मोजतो."

अट एकच. रक्ताच्या दिवशी मधे उतरायचं नाही. उतरलात तर त्या दिवसाचं मोजमाप फुकट. तिथल्या तंत्रज्ञाला आम्ही सगळे सायकलवाला म्हणतो. त्याने हाताला नळी लावली, छातीला वायरी चिकटवल्या. पाय माझे पक्के आहेत, उभा जन्म मशीनचं पायडल मारण्यात गेला. पण निम्म्यात आलो आणि कळ आली. थांबवा म्हणायला तोंड उघडलं, तर समोर डॉक्टरीणबाई, माझ्या लेकीच्या वयाची. तोंड मिटलं. मग व्हायचं ते झालं.

उतरल्यावर कोट पुढे धरला. कुणाला कळलं नाही. हिलाही नाही, नशीब माझं. ही मात्र आज चमत्कारिक वागली. एरवी रस्त्यात माझ्या पुढे पळते आणि मग वळून वळून बघते. आज दवाखान्याच्या दारापासून माझ्या पाठीला चिकटून चालली. बसमध्ये जागा होती तरी माझ्या मागे उभी राहिली. मी म्हटलं, बस ना. म्हणाली, बाकावर बसून बसून कंटाळले.

शुक्रवार, ७ मार्च

तोड काढली.

सकाळी ही माझ्या तळहातावर गोळ्या ठेवते आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते. मोठ्या दोन गिळल्या, छोटी पांढरी बोटांच्या बेचक्यात धरली. सुया-टाचण्या सांभाळणारी बोटं माझी, एक गोळी काय जड आहे. ती वळली तशी जाऊन पांढऱ्या बटणांच्या डब्यात टाकली. शर्टाच्या बटणांत अशी मिसळली की मलाच शोधून सापडायची नाही.

सायकल बिनबोभाट झाली. सायकलवाल्याने विचारलं, सकाळच्या गोळ्या झाल्या? म्हटलं, झाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

माझ्या शेजारच्या सायकलवर एक निवृत्त मास्तर असतात. त्यांना लाज म्हणून नाही. आज मधेच त्यांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा, आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थांबवा, मला जायचंय." गेले, आले, पुन्हा चढले. वर मला सांगतात, टाकी जुनी झाली, आता नळाने तरी किती इमान राखायचं. भिंतीकडच्या बाकावर सगळ्यांच्या बायका बसलेल्या. त्यात दोघी-तिघी हसल्या, आमची हीसुद्धा. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. एखाद्याला वय काही म्हणजे काही शिकवत नाही.

दवाखान्याच्या दिवशी गोळी चुकली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. बाकीचे दिवस घेणारच आहे.

सोमवार, १० मार्च

माझ्या मशीनला कुणीतरी हात लावलाय. बॉबिनमध्ये गडद निळा दोरा आहे. मी निळं काही शिवून कित्येक महिने झाले. स्टूल पुढे ओढलेलं, टाका बारीक करून ठेवलेला. हिला विचारलं, तर म्हणे पडद्याची दुमड उसवली होती. आमचे पडदे पिवळे आहेत.

बोललो नाही, पण मनाला लागलं. मशीनला हात लावलेला मला चालत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. लग्न झालं त्या वर्षी हिने एकदा उशीचा अभ्रा शिवला होता. मी चार माणसांत विचारलं होतं, ही शिवण वाट चुकली की दारू प्यायली? सगळे हसले होते, हीसुद्धा. त्यानंतर ती मशीनच्या वाटेला गेली नाही. आता बहुतेक शेजारणीचं काहीतरी करून देत असणार. माझी दुपारची झोप लागली की.

संध्याकाळी तिनेच विषय काढला, तुम्हाला बाहेर जाताना एखादी इलॅस्टिकची पँट असली तर बरं पडेल, नाही? मी सुनावलं. इलॅस्टिक म्हणजे शिंप्याने हात टेकले. ज्याला गिऱ्हाइकाची कंबर कळत नाही, तो इलॅस्टिक घालतो. ती बरं म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

बुधवार, १९ मार्च

काल रक्त दिलं. दमछाक झाली, पण कोरडा उतरलो.

सोमवारची गोळीही मी घेतली नव्हती. आदल्या दिवशीच्या गोळीचा जोर दुसऱ्या सकाळपर्यंत उरतो असं वाटतं. शनिवारी बाजारात जायचं होतं, म्हणून ती राहिली. रविवारी लेक-जावई येणार होते. त्यांच्यासमोर सारखं उठून जायचं, ते बरं दिसत नाही. आता मागे वळून बघितलं तर मी गोळी घेतो कधी, तेच आठवावं लागतं.

राखाडी पँट कंबरेला दाटायला लागली. मागची शिवण उसवून दोन बोटं सैल केली. बसून खातोय, सुटणारच. बूटही चावतात. चामडं आटलं असेल. रात्री मोजे काढले तर पायावर खोल वळ, तेही बराच वेळ गेले नाहीत. हल्लीच्या मोज्यांचं इलॅस्टिक फार कडक घालतात.

शुक्रवार, २१ मार्च

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. आकडा वाढलाय. सायकलच्या आधीचाही आणि नंतरचाही. व्यायामाने कमी व्हायला हवा, निदान वाढायला तर नको. वजन चढलंय. त्यांनी माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मी बघत होतो, जणू दुसऱ्याचा पाय.

गोळ्यांचं विचारलं. मी म्हटलं, वेळच्या वेळी. ही म्हणाली, मी स्वतः हातावर ठेवते, माझ्यासमोर घेतात. खरंच बोलली बिचारी, तिच्यापुरतं.

मग डॉक्टरीणबाई हिच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला कदाचित राग आला असता आणि मी काहीतरी बोललो असतो.

"काकू, मग मीठच जातंय पोटात. स्वयंपाकात हात आवरा जरा. हे सगळं तुमच्या हातात आहे."

ही मान खाली घालून हो म्हणाली. आमच्याकडे मीठ गेल्या वर्षापासूनच कमी झालंय, हे मला ठाऊक आहे. ती चिमटीतलं अर्धं मीठ परत बरणीत टाकते, ते मी रोज बघतो. मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. मी छताचा पंखा बघत बसलो. त्याचं एक पातं जरा वाकडं आहे.

लाज वाटली. पण त्या पहिल्या मंगळवारी ज्या लाजेला भ्यालो, तिच्यापुढे ही कमी वाटली, आणि तेच वाईट आहे.

सोमवार, २४ मार्च

मिठाची बरणी ओट्यावरून गेली. माळ्यावर ठेवलीय, वर जुन्या डब्यांच्या मागे. आता भाजीत मीठ नाही, डाळीत नाही, कशातच नाही. हीसुद्धा तेच खाते. मी म्हटलं, तू तुझ्यापुरतं घे की. म्हणाली, वेगळं काढायला गेले तर चुकून हात जायचा, माझ्या हाताचा काही भरवसा नाही.

काल लेकीचा फोन आला होता. स्पीकर चालू होता म्हणून मलाही ऐकू आलं. तिने आईला चांगलंच फैलावर घेतलं. आई, तुझा हात पहिल्यापासूनच खारट आहे, मी लहानपणापासून सांगतेय. बाबांच्या जिवाशी खेळ चाललाय. ही नुसती हं हं करत राहिली. फोन ठेवल्यावर मला विचारलं, खरंच खारट असायचं का हो माझ्या हातचं? मी म्हटलं, कधीकधी.

असं का म्हणालो, माहीत नाही. कधीच नव्हतं.

मंगळवार, १ एप्रिल

आज रक्त होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोनदा थांबलो. मास्तर मागून आले आणि मला ओलांडून गेले, ते मास्तर, जे माझ्याहून वयाने मोठे आहेत. वर जाऊन म्हणतात, शिंपीबुवा, आज सुताचा गुंता झालाय का? सायकल कशीबशी पुरी केली. खाली उतरलो तेव्हा खोली जरा फिरली.

डॉक्टरीणबाईंनी आजच निकाल मागवून घेतला. पुन्हा वाढलाय. त्या म्हणाल्या, हृदय इतक्या जोरात सांगतंय की पाणी काढा, आणि पाणी निघत का नाही तेच कळत नाही. अजून एक संधी देते. पंधरा तारखेला आकडा उतरला नाही तर सायकल बंद, सरळ भरती करून घेते. मग त्यांनी विचारलं, काकू, मिठाचं काय केलंत?

आणि ही रडायला लागली. लेकीच्या लग्नातही जी रडली नाही, ती.

"बरणीच उचलून ठेवलीय हो मी. चव बघायचंसुद्धा सोडलंय. तरी कुठून जातंय, मला कळत नाही. माझ्याच हाताला काहीतरी झालंय."

डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं. मी तिथेच होतो, तिच्या बाजूच्या खुर्चीत. माझा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि मी मागे घेतला, कारण याच हाताने मी गोळ्या डब्यात टाकतो. एवढं मात्र तेव्हा स्पष्ट दिसलं. बोलायचं धाडस तरीही झालं नाही. मी इतका भित्रा आहे, हे मला या वयापर्यंत कळलं नव्हतं. गिऱ्हाइकांवर डाफरणं म्हणजे हिंमत, असं समजत होतो.

बुधवार, २ एप्रिल

गोळी गिळली. दुपारपर्यंत बाथरूमच्या दारात मुक्काम.

सोमवार, ७ एप्रिल

रोज घेतोय. शुक्रवारी सायकलच्या दिवशीही घेतली. दोनदा उतरून जाऊन आलो. हात वर केला नाही, सायकलवाल्याला डोळ्यांनी खूण केली. मास्तर म्हणाले, या, पंगतीला या.

बूट आता चावत नाहीत. म्हणजे चामडं आटलं नव्हतं. राखाडी पँट सैल झाली म्हणून मागची शिवण पुन्हा दोन बोटं आत घेतली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की कंबर चरबीने नव्हती वाढली. कापडाच्या गोष्टी मला लगेच कळतात. त्याच्या आतल्या माणसाचं उशिरा कळतं.

हिला सांगायला हवं. आज दोनदा सुरुवात केली. एकदा ती म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही, कात्रीला धार लावायला हवी. आता मी असं ठरवलंय, की पंधरा तारखेला आकडा उतरला की तिचा हात आपोआप सुटेल. मग जुनं उकरायची गरज काय? ती जेवताना हल्ली पुढ्यातल्या ताटाकडे बघतही नाही. गिळते नुसती.

मंगळवार, १५ एप्रिल

आज सगळं लिहितो.

सकाळी गोळी घेतली, तिच्यासमोर, जीभ बाहेर काढून दाखवली. ती म्हणाली, काय पोरासारखं. निघायच्या आधी जाऊन आलो, दवाखान्यात पोचल्यावर जाऊन आलो. काळी पँट घातली होती. पहिलं रक्त दिलं, चढलो, पायडल सुरू केलं. बराच वेळ ठीक होतो. मग ती ओळखीची कळ.

हात वर करता आला असता. मास्तरांनी केलाच असता. पण उतरलो तर आजचं मोजमाप फुकट. ही बाकावर बसून मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून माझ्याकडे बघत होती. ती पिशवी ती हल्ली दर वेळी आणते, आणि मी दर वेळी म्हणतो, सहलीला निघालीस काय. तिचा चेहरा बघितला आणि वाटलं, होऊ दे. आज आकडा निघायलाच हवा. तिच्या हाताचा निकाल लागायला हवा.

मी पायडल मारत राहिलो. या वेळी थेंब नव्हते. सीट भिजली, पाय भिजला, बुटात गेलं, खाली फरशीवर गेलं. डॉक्टरीणबाई समोरच होत्या. सायकलवाला म्हणाला, काका, अजून थोडं, सोडू नका, आणि कोपऱ्यातलं पुसायचं फडकं आणून पायाशी टाकलं, जणू रोजचंच काम. मास्तर आज खिडकीबाहेर बघत होते. मी पुरी चालवली. दुसरं रक्त घेतलं. उतरलो तेव्हा मान वर करायची हिंमत नव्हती.

ही उठली, माझं मनगट धरलं आणि मला व्हरांड्यातल्या बाथरूमपर्यंत नेलं. दारातून आत पिशवी दिली. आत टॉवेल होता, मोजे होते आणि एक पँट. गडद निळी. कंबरेला इलॅस्टिक. आतून पुढे-मागे मऊ फ्लॅनेलचं दुहेरी अस्तर. टीप बारीक घातलेली, कारण दुहेरी कापडाला बारीकच हवी, एवढं तिने बघून बघून उचललं असणार. आणि शिवण वाट चुकलेली, गुडघ्यापाशी इकडे, खाली तिकडे. ही शिवण मी कुठेही ओळखली असती.

घातली. अंगावर नीट बसली. कंबर, उंची, मांडी, सगळं बरोबर. झोपेत माझं माप घेतलं की जुन्या पँटवरून काढलं, देव जाणे.

बाहेर आलो तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. मी विचारलं, ही कधी शिवलीस? म्हणाली, पहिल्या वेळी झालं ना, त्याच आठवड्यात. तेव्हापासून पिशवीतच आहे. तुम्हाला दाखवली असती तर तुम्ही दवाखान्यात यायचंच सोडलं असतं.

म्हणजे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बसमध्ये माझ्या मागे का उभी राहिली, ते मला आज, दीड महिन्याने कळतंय. जे लपवायला मी गोळ्या टाकल्या, ते तिने आधीच झाकून ठेवलं होतं. आणि जे तिच्यावर आलं, ते मी झाकलं नाही. उलट तिने खारटपणाचं विचारलं तेव्हा वर 'कधीकधी' म्हणालो. तेव्हाच तिथे सांगायला हवं होतं. ती ओली पँट पिशवीत घालत होती, मी जवळच उभा होतो. नाही सांगितलं. आज एक लाज पुरे असं वाटलं.

परत जाताना ती पुन्हा माझ्या पुढे चालली.

शुक्रवार, १८ एप्रिल

आकडा उतरला. चांगलाच. डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडे वळवून दाखवला. वजन उतरलंय, पाय उतरलेत, सायकलनंतरची वाढही कमी. त्या हिला म्हणाल्या, "काकू, शाबास. हे तुमचं काम आहे."

मी ज्याची वाट बघत होतो, ते हेच. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती हसली खरी, पण कागदाकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "म्हणजे आधी माझंच चुकत होतं. मीठ बंद केलं आणि उतरलं. होय ना?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं मनाला लावून घेऊ नका, होतं असं.

मी हा विचारच केला नव्हता. आकडा उतरला की ती सुटेल, एवढंच माझं गणित. आकडा उतरला आणि तिच्यावर शिक्का बसला. आता ती मरेपर्यंत हेच समजणार होती की नवऱ्याला तिने मारायला घेतलं होतं. आणि मी त्या कागदाशेजारी तिने शिवलेली पँट घालून बसलो होतो.

मग सांगितलं. म्हटलं, मीठ कधीच जास्त नव्हतं. मी पाण्याची गोळी घेत नव्हतो. सायकलवर लघवी होते म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या नावाचा कागद काढून त्यावर आडवी रेघ मारली. म्हणाल्या, तुमचे आकडे आता अभ्यासात धरता येणार नाहीत. व्यायामाला या, ते थांबवायचं नाही. पण काका, लघवीचं मला सांगितलं असतंत तर मी गोळीची वेळ बदलून दुपारची केली असती. एवढंच होतं.

एवढंच होतं. हे दोन शब्द घरी येईपर्यंत कानात राहिले. ही बसमध्ये पुढच्या बाकावर बसली आणि घर येईपर्यंत मागे वळली नाही.

रविवार, २० एप्रिल

दोन दिवस घरात आवाज म्हणजे भांड्यांचा. गोळ्या हातावर ठेवते, पांढरी दुपारची वेगळी. पाण्याचा पेला टेबलावर ठेवून निघून जाते. समोर उभी राहत नाही.

आज दुपारी तिने विचारलं, कुठे टाकायचात? मी पांढऱ्या बटणांचा डबा आणून दिला. तिने तो जेवणाच्या टेबलावर उपडा केला आणि गोळ्या निवडायला बसली. बटणं एकीकडे, गोळ्या एकीकडे. चष्मा डोळ्यांवर, एकेक उचलून चिमटीत फिरवून बघायची, भोकं आहेत का. काही गोळ्या बटणांवर घासून भुगा झाल्या होत्या, तो भुगाही तिने बोटाने गोळा केला. मी समोर उभा. बसायला तिने सांगितलं नाही आणि मला बसवलं नाही. ढीग माझ्या समजुतीपेक्षा मोठा निघाला.

निवडून झाल्यावर ती बोलली. आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता.

"पँट भिजली तर मी धुतली असती. धुतलीच की. पण महिनाभर मी माझ्याच हाताला भ्याले. ते कशाने धुवू?"

चुकलो म्हटलं. ती म्हणाली, ते कळलं.

संध्याकाळी मी स्टूलवर चढून माळ्यावरची मिठाची बरणी काढली. धाप लागली नाही. खाली ठेवली, म्हटलं, तू तुझ्यापुरतं घे आता. तिने बरणीचं झाकण उघडलं, चिमटी आत नेली आणि तशीच थांबली. मग हात बाहेर काढला. रिकामा.

"तुम्हीच घाला. माझा अंदाज गेला."

आयुष्यात मी ताटात वाढलेल्यावर कधी मीठ घातलेलं नाही. खडू धरतो तशी चिमूट धरली, तिच्या भाजीवर सोडली, कालवली. तिने घास घेतला. म्हणाली, कमी आहे. पुन्हा घातलं. अजून कमी, म्हणाली. मला कळेना, खरंच कमी आहे की ती मला उभं करून ठेवतेय. तिसऱ्यांदा चिमूट मोठी घेतली आणि जरा जास्तच पडलं.

तिने घास घेतला, चावला, आणि तोंड वाकडं केलं.

"खारट झालं."

आणि ती सगळं ताट पुसून जेवली. मी माझं अळणी जेवलो. हात धुताना ती म्हणाली, मंगळवारी निळी पँटच घाला, पण आधी तिची गुडघ्यापाशची शिवण नीट करून घ्या, बायका बघतात. मी म्हटलं, राहू दे तशीच.